भाकरी खाऊन रंग ठरवणारा

धुळ्याला कचेरीत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळीआधी घराच्या दोन खोल्यांना रंग द्यायचा होता. बायको आठ दिवस गुलाबी म्हणत होती. मी रंगाऱ्याला परस्पर सांगितलं, "फिकट राखाडी. मळ दिसत नाही."

रंगारी साठीचा, कानावर विडी, भुवयांत चुना. त्याने रंगाचा डबा उघडलाच नाही. खोलीच्या मधोमध फतकल मारून चारही भिंती न्याहाळत सावकाश ठेचा-भाकरी खाल्ली. कुठल्याही घरी तो आधी असाच जेवायचा. ज्या खोलीत घास गोड लागत नाही, तिचा रंग चुकलेला, असं त्याचं शास्त्र.

हात धुऊन त्याने विचारलं, "भाऊ, नोकरी कोठे शे?"

"कचेरीत."

"तठल्या भिंती कोन्ता रंगन्या?"

"तिथल्या? राखाडीच."

"कचेरीनाच रंग घरले दिधा, ते तुम्ही घर कवय येशात?"

"खरंच, घरी येणार कधी!" म्हणत आत बायको इतकी हसली की तिच्या हातातलं पातेलं पडलं.

गुलाबीच ठरला. पहिला हात बसला तेव्हा ओली भिंत किसलेल्या बिटासारखी दिसली. मी ओरडलो. "वाळू द्या, भाऊ," म्हणत त्याने विडी पेटवली. संध्याकाळी भिंत वाळून अशी फिकट, प्रसन्न झाली की मी मुकाट्याने त्याला दुसरा चहा दिला.

पुढे जळगावला बदली झाली. नव्या घराच्या भिंती मालकाने आधीच राखाडी रंगवलेल्या. सामान उतरायच्या आत बायकोने खोलीच्या मधोमध शिदोरी सोडली आणि म्हणाली, "बसा, जेवून बघा."

दोन घास खाल्ले आणि रंगारी शोधायला उठलो.