मैनेला नवं माणूस चालत नाही

आधीच सांगते, भूत, चकवा, देवचार यातलं मी काही मानत नाही. मी एसटीत कंडक्टर आहे. "भूत भेटलंच तर आधी तिकीट काढायला लावीन," असं मी डेपोत म्हणायचे आणि सगळे हसायचे. तरी हे लिहितेय, कारण कुणाला तरी सांगायला हवं... आणि घरात ज्याला सांगावं तो माणूस मला ओळखत नाही.

तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा. त्यांना विस्मरणाचा आजार आहे. आई गेल्यापासून ते माझ्याकडे अलिबागला असतात. अंघोळ, जेवण, औषधं सगळं मीच बघते. भाऊ कुवेतला. तो कधीतरी व्हिडिओ कॉलवर दिसला की आबा लगेच म्हणतात, "आला रं माजा पोर!" आणि मला विचारतात, "बाई, तुमाला पगार कोन देतो?"

हसू नका. पहिल्यांदा मीही हसले होते.

आबांनी जन्मभर म्हशी राखल्या, फणसाडच्या जंगलात. डोंगराच्या एका अंगाला काशीदचा समुद्र, दुसऱ्या अंगाला दाट रान, आणि रानात पाणवठे. आमच्याकडे पाणवठ्याला गाण म्हणतात. दुपारी म्हशी गाणीवर बसायच्या आणि गोचिड्या झाल्या की आबा त्यांना डोंगर उतरवून समुद्राच्या खाऱ्या पाण्यात घालायचे. पुढे त्या रानाचं अभयारण्य झालं आणि गुरं नेणं बंद झालं. आबांनी एकेक करून म्हशी विकल्या. शेवटची गेली ती मैना.

जनावर विकलं तरी त्याचं दावं आणि घंटा द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून मैनेची घंटा आजही माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. लाकूड कोरून आबांनीच केलेली, आत दोन छोटे दांडके. त्यातला एक मी लहानपणी हट्टाने तासला होता आणि तो आखूड झाला. त्यामुळे मैना चालली की एक टोला खणखणीत आणि दुसरा बद्द. टक्... टुप. टक्... टुप. सगळ्या रानात तसा आवाज दुसऱ्या जनावराचा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, जुन्या जागा दाखवा, कधीकधी ओळख परत येते. मला तेवढंच हवं होतं. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला वंदी म्हणावं. म्हणून गेल्या माघात रजा टाकली आणि रिक्षा करून त्यांना घेऊन गेले.

आधी काशीदला थांबलो. किनाऱ्यावर घोडे, मोटारबाइक, मक्याची कणसं, सेल्फी काढणारी गर्दी. आबा गर्दीकडे बघून म्हणाले, "म्हशी कुटं उतरवायच्या आता?" अभयारण्याच्या गेटवर प्रवेशाचं तिकीट काढलं. बापाच्या पायाखालच्या वाटेवर चालायला तिकीट, आणि तेही जन्मभर तिकिटं फाडणाऱ्या बाईने! सोबत गावातलाच गाईड दिला, महेश. आबांनी त्याच्याकडे पाहिलं मात्र, "तू धाकूचा नातू काय रं? नाक तसंच हाय," म्हणाले. बरोबर होतं. महेश खूश. मी पाण्याची बाटली धरून मागे चालत होते.

गाणीशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पाखरंसुद्धा गप्प. महेश हळूच म्हणाला, "ताई, आवाज नको, कधीकधी भेकर येतं पाण्यावर." आणि आबांनी तोंडाशी हात धरून हाळी दिली.

"ये गोऽ मैने... होऽ होऽ..."

महेश कपाळावर हात मारणार, तेवढ्यात कारवीच्या झुडपांमागून आवाज आला. टक्... टुप.

माझ्या हातातली बाटली पडली. महेश म्हणाला, "इथं गुरं कशी आली?" म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं, हे लक्षात ठेवा. आवाज जवळ आला. झुडपं हलली नाहीत, पाचोळा वाजला नाही, फक्त घंटा. अगदी आबांसमोर येऊन ती थांबली. तिथे काही नव्हतं... काहीच नव्हतं! आबांनी हात उचलला आणि हवेत कुरवाळायला लागले.

"किती रोडावलीस गो," ते म्हणाले. "चल घरी. माजी वंदी वाट बगत आसंल. तुज्या दुदाबिगार निजत न्हाय ती."

भीती गेली कुठल्या कुठे. मी पुढे झाले, त्यांचा दंड धरला. "आबा, मी वंदी! मीच वंदी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, परक्या बाईशी बोलावं तसं नीट बोलले. "बाई, जरा बाजूला व्हा. मैनेला नवं मानूस चालत न्हाय, बुजते ती."

मी बाजूला झाले. काय करणार?

घंटा पुन्हा वाजली, पण रानाकडे गेली नाही. माझ्याकडे आली. मी डोळे मिटून घेतले. गरम श्वास, ओल्या गवताचा वास, आणि तळहातावर खरखरीत जीभ. लहानपणी मी मुठीत मीठ घेऊन जायचे, तशीच, बोटांच्या बेचक्यात शिरून चाटणारी. मग टक्... टुप करत समुद्राच्या बाजूला आवाज विरून गेला. डोळे उघडले तेव्हा महेश माझ्या हाताकडे बघत होता. हात ओला होता, लाळेने.

घरी आल्यावर पहिली स्वयंपाकघरात गेले. घंटा खिळ्यालाच होती. खिळ्यापासून घंटेपर्यंत कोळ्याचं जाळं, जसंच्या तसं.

काही जण म्हणतील, भास. महेशलाही भास झाला का? आणि लाळेचं काय? कुणाला उत्तर माहीत असेल तर सांगा. पण खरं सांगू, त्या घंटेचं मला आता फारसं काही वाटत नाही. आज सकाळीही आबांना चहा दिला, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, तुमी कुनाच्या?"

मैनेने मात्र विचारलं नव्हतं.