बजरंगचा कटला

येलदरीच्या फुगवट्याकाठी वाडी वसली ती धरण झाल्यावर. पण वाडीची रीत त्याच्या लय आधीची. माणसाला नांगर ठाऊक नव्हता, शिकार करून अन् कंदमुळं वेचून पोट भरायचं, तेव्हाची. मोठी शिकार आणणाऱ्याच्या डोक्यात हवा जाते, मग तो हुकूम सोडायला लागतो. म्हणून त्याची शिकार नावं ठेवत ठेवत सगळ्यांनी वाटून खायची. रिकाम्या हातानं आला त्याला मात्र चांगलं बोलायचं, म्हणजे उद्या निघायची उमेद राहते. आता वाडी सोयाबीन पेरत होती, मोबाईल बघत होती. पण हे काही सुटलं नव्हतं.

यात भरडला गेला बजरंग. त्याच्या जाळ्यात मासा यायचाच, त्यामुळं वाडीत त्याच्याबद्दल कधी कुणी बरं बोललं नाही. ही बदनामी पार पूर्णा जंक्शनपर्यंत, त्याच्या सासुरवाडीला पोचली अन् त्याचे सासरे दिनकरराव, रेल्वेतून रिटायर झालेले, लेकीला कायमचं न्यायला आले. शिवकन्येनं त्यांना रीत समजावून सांगितली.

"नवऱ्याला झाकायलीस," म्हणत त्यांनी तिला पिशवी भरायला लावली.

बजरंगला त्याच सकाळी वासराएवढा कटला घावला होता. तोंडातून दोरी ओवून त्यानं तो काठच्या पाण्यातच बांधला अन् सासऱ्याला दाखवायला नेलं. मागं सारी वाडी. कटल्यानं शेपूट हाणली तसं दिनकररावांचं धोतर चिंब झालं.

"चिलट हाय," बायनाबाई म्हणाली. वाडीतली सगळ्यात जाणती बाई ती.

"चिलटाला पंख तरी आस्तेत," वैजीनाथ म्हणाला. "ह्याला शिजवायचं म्हंजी सरपन वाया."

बजरंगनं हात जोडले. "मावशे, आजच्या दिस तरी खरं बोल. बायको चाललीय माजी."

बायनाबाईचा जीव तुटला. लय मायेनं म्हणाली, "लेकरा, तुज्यापरीस मांजर बरं."

बजरंग सासऱ्याकडं वळला. "मामा, तुमी डोळ्यानं बघायलाव की."

"माज्या एका डोळ्यात मोतीबिंदू हाय," दिनकरराव म्हणाले. "समदे बारीक म्हणायलेत, म्हंजी बारीकच आसल. चल गं शिवकन्या."

तिनं पिशवी उचलली. बजरंगनं तिच्याकडं बघितलं, मग कटल्याकडं. गुडघाभर पाण्यात शिरला अन् विळ्यानं दोरी कापली. पाणी एकदा घुसळलं अन् निवळलं. दोन्ही हात रिकामे पसरून तो काठावर आला.

वाडीला कंठ फुटला.

"आसा गडी पंचक्रोशीत न्हाई," वैजीनाथ म्हणाला.

"वाघ हाय, वाघ," बायनाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. इतक्या वर्षांचं तुंबलेलं होतं, ते थांबेना. कुणीतरी पळत जाऊन शाल आणली.

दिनकरराव ओशाळले. "आमाला काय ठावं, जावईबापू. तुमी तर लय मोठे निघालाव."

शिवकन्येनं पिशवीतली लुगडी परत खुंटीवर टाकली अन् पिठलं घोटलं. ओसरीवर दिनकरराव मोठ्यानं फोनवर बायकोला सांगत होते, "लेक सुखात हाय. आगं, जावयाच्या हाताला एक मासा लागत न्हाई."

बजरंगनं भाकरी मोडली अन् पाण्याकडं पाठ करून जेवायला बसला.