बॅट खांद्यावरच

वावटळीनं मैदानाची माती उडवली आणि पंचांनी खेळ थांबवला. कुमुद लिंबाखाली किटच्या बॅगेला टेकून बसते. तिच्या बेसबॉलच्या पोरी चार धावांनी मागे आहेत, आणि समोरच्या तंबूत त्या संघाचे कोच गावंडे सर पाय पसरून चहा पीत आहेत. आज या माणसाची जिरवायची, एवढंच कुमुदच्या मनात आहे. यानंच तिच्या थोरल्या बहिणीला, ललिताला, दुखऱ्या खांद्यानं अख्खी फायनलभर बॉल टाकायला लावलं होतं. खांदा कायमचा गेला, खेळाच्या कोट्यातली रेल्वेची नोकरी गेली, ताई खचली आणि पुढं काविळीनं गेली. सरांच्या गळ्यात मात्र हार पडले.

माती जाऊ नये म्हणून कुमुद डोळे मिटते.

लिंबाखाली स्टोव्ह फरफरतो आहे. हे त्यांचं जुनं स्वयंपाकघर, डबे फळीवर जागच्या जागी. ललिता पाठमोरी बसून हळदीचा लेप कढवते आहे.

"तुझ्या पोरी काऊन एवढ्या हावरट वं, कुमे?"

"मागे आहोत, ताई. मारावंच लागते."

"गावंडे बाहेरचाच बॉल टाकायले सांगते. कान खाजवला का समज बाहेरचा. मीच टाकले ना त्याच्या इशाऱ्यावर. अन् तुमच्या पोरी वाकून त्याले बॅट लावतात, झेल देतात."

"मग काय करू?"

"बॅट खांद्यावरच ठेवा. बाहेरचे चार बॉल सोडले का पहिला बेस फुकट. टाकू दे त्याच्या पिचरले, थकू दे."

स्टोव्हच्या पलीकडं मैदान आहे. सरांची नवी पिचर बॉल टाकते आणि दर वेळी खांदा झटकते, ताई झटकायची तसाच.

"तिचा खांदा दुखून राहिला, ताई. तिनं आपलं काय केलं?"

"तिनं काही नाही." ललिता गरम लेप कुमुदच्या तळहातावर ओतते. "लाव इथं."

कुमुद ताईच्या खांद्याला लेप चोळते. खांदा थंडगार आहे.

"मी हातापाया पडली, तरी मले त्यानं काढलं नाही. आज साऱ्यांसमोर त्याले आपल्या हातानं पिचर काढायले लाव. मले एवढंच पाहिजे."

"अन् त्यानं नाहीच काढली तर?"

स्टोव्ह विझतो.

"मॅडम, पंच बोलावून राहिले." बॅटिंगला जायची असलेली तेजू तिला हलवते. वावटळ निघून गेली आहे, पोरी भोवती उभ्या आहेत.

"बाहेरच्या बॉलले कोणी हात लावायचा नाही," कुमुद म्हणते. "बॅट खांद्यावरच. टाकू द्या तिले."

खेळ सुरू होतो. समोरच्या पोरीची कुमुदला कीव येते, पण सरांवरचा राग त्याहून जुना आहे. सर कान खाजवतात. बॉल बाहेर जातो, तेजू हलत नाही. पुन्हा बाहेर. पोरगी खांदा धरून सरांकडं बघते आणि सर पुन्हा कानाला हात लावतात.

तेजू कुमुदकडं बघते. थांब, मारू नको, अशी खूण करायला कुमुद हात वर करते, तर तळहात हळदीनं पिवळा झालेला आहे, अजून कोमट.