नवाजभाईंचा मे महिना

तळेगाव दाभाड्याचे नवाजभाई रोज कचेरीत बसून राजस्थानचं वाळवंट बघत आणि रोज त्याला नावं ठेवत. उपग्रहाने काढलेल्या फोटोंत झाडझाडोरा कुठे आहे आणि कुठे नाही, हे रंगवून द्यायचं, हे त्यांचं काम. आता लोणावळ्याच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बापाचा हा मुलगा, अर्धं वर्ष भिंतीवरचं शेवाळ बघत वाढलेला. त्याला वाळूतलं गवत काय दिसणार, डोंबल!

“याला झाडोरा म्हणतात?” ते शेजारच्या टेबलावरच्या अम्माराला म्हणत. “आमच्या मोरीत याच्यापेक्षा जास्त उगवतं.”

अम्मारा हसायची. साहेबाच्या विनोदाला हसावंच लागतं.

यंदा तिकडच्या एका गावाचं गायरान त्यांच्याकडे आलं. नवाजभाईंनी गवत दाखवलं तर ते मेंढ्यांना चरायला राहणार, ओसाड दाखवलं तर सोलरच्या पॅनेलखाली जाणार. इतका सरळ मामला होता.

नवाजभाईंनी मे महिन्याचा फोटो उघडला. आधी मावळाचे नकाशे करताना ते कायम तसंच करत आले होते. पावसाळ्यात वरून फोटो काढला तर भुशीचं धरण सोडाच, अख्खं लोणावळं ढगाखाली गडप! पण मावळातलं जंगल मेमध्येही वरून दिसतं, वाळवंटात मात्र गवत येतं ते पावसानंतर, हे काही या गृहस्थांच्या डोक्यात शिरलं नाही. शिरायला आत जागा नको? चहा यायच्या आत त्यांनी सगळं गायरान ओसाड करून टाकलं आणि वर जांभई दिली.

अहवाल पाठवायच्या दिवशी मुखपृष्ठाला फोटो हवा होता. “पाऊस पडूनसुद्धा कसं भिकार दिसतं ते दाखवू या,” म्हणत त्यांनी सप्टेंबरचा उघडला. या फोटोंत गवतपाला लाल दिसतो. गायरान या टोकापासून त्या टोकापर्यंत लालेलाल होतं. ढगाचा मागमूस नव्हता.

अहवाल अजून गेला नव्हता. रंग बदलायला एक दुपार पुरली असती. फक्त सगळ्या कचेरीसमोर ‘चुकलो’ म्हणावं लागलं असतं, आणि तेवढं काही नवाजभाईंच्या जिभेला जमेना.

अम्मारा मागे येऊन उभी राहिली. “अगं बाई, केवढं गवत! सर, हे कुठलं?”

नवाजभाईंनी घसा खाकरला.

“आपलंच. भुशीच्या वरचं पठार.”

“वाटलंच मला,” अम्मारा म्हणाली. “तिकडे कुठलं एवढं गवत यायला!”

नवाजभाईंनी तो फोटो बंद केला, मुखपृष्ठावर मे महिन्याचाच लावला आणि अहवाल पाठवून दिला.