डमण्या तीन, खटारे अठ्ठावीस

ब्राह्मणपुरीच्या धुडकू मिस्तरीकडे गाडी करायला टाकली की गाडी मिळायला महिना लागायचा, भाषण मात्र त्याच दिवशी पदरात पडायचं. वैद्य माणसाची नाडी बघतो, जोशी कुंडली बघतो, आणि धुडकूचं म्हणणं असं की गावाची तब्येत बघायची तर सुताराच्या पडवीत या.

"महिनामा गाड्या कितल्या गयात, ते माले इचारा," तो म्हणायचा. "पीक कसं शे, ते शेतकरीले इचारू नका. तो बायकोले बी खरं सांगत नही."

माणूस अक्षरशत्रू, पण पडवीच्या दाराची चौकट हीच त्याची पाटी. अमावास्येला सुताराचं हत्यार बंद, म्हणून आदल्या संध्याकाळी तो सरत्या महिन्याचे खिळे चौकटीवर ठोकायचा. एका महिन्याची एक रांग. खटारा गेला की लोखंडी खिळा, डमणी गेली की पितळी. खटारा म्हणजे ओझ्याची जड गाडी. डमणी म्हणजे छपराची, हलकी, बैलांच्या गळ्यात घुंगरं बांधून सासुरवाडीला नि सारंगखेड्याच्या जत्रेला मिरवत न्यायची गाडी. घरात चार दाणे जास्त आले की माणसाला डमणी सुचते. गावातली टवाळ मंडळी त्याला खिळेशास्त्री म्हणायची, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं.

तर रेल्वे नंदुरबारला येऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील, त्या सालची ही गोष्ट. माघाच्या अखेरीला जमाबंदीच्या साहेबाचा कारकून गावोगाव हिंडत होता. जमिनीचा सारा नव्याने ठरायचा होता, म्हणून विहिरी मोज, बैल मोज, गाड्या मोज असं चाललं होतं. फिरत फिरत तो धुडकूच्या पडवीत टेकला. धुडकूची बायको छबूबाईने गुळाचा चहा दिला. कारकुनाने सहज विचारलं, "काय मिस्तरी, दसऱ्यापासून गाड्या किती गेल्या?"

झालं. इतक्या वर्षांत सरकारी माणसाने धुडकूला पहिल्यांदा काही विचारलं होतं. त्याची छाती रंध्यासारखी पुढे आली.

"एकतीस!" तो म्हणाला. "मागला साले सतरा. मन्हा बापनी जिंदगीमा असा साल देखा नही."

कारकुनाने लिहून घेतलं. कोणत्या गाड्या, हे त्याने विचारलं नाही, आणि आकड्याच्या नशेत धुडकूनेही सांगितलं नाही. दोघं एकमेकांवर खूश होऊन उठले.

आठ दिवसांनी लोटन पाटील शहाद्याच्या कचेरीतून परत आले ते घरी न जाता थेट पडवीत शिरले. गावच्या गुजर मंडळीतलं हे वजनदार घर. पाटील कधी सुताराच्या दारात उभ्याने बोलायचे नाहीत, त्या दिवशी बोलले.

"धुडकू, तुन्ही जीभ शे का लाकूड तासानं वाकस?"

"काय व्हयनं पाटील?"

"कागदवर लिखेल शे, ब्राह्मणपुरीमा गाड्या सतरान्या एकतीस व्हयन्यात. म्हणजे लोक सुखी व्हयनात. म्हणजे सारा रुपयामांगे चार आणा वाढाडा. आते बोल!"

धुडकूच्या हातातली पटाशी खाली आली. त्या साली कपाशी पहिल्या वेचणीतच संपली होती. ज्वारीची कणसं लहान मुलाच्या बोटाएवढी. आणि त्यावर चार आणे वाढ, ती सुद्धा त्याच्याच तोंडून निघालेल्या आकड्यावर! संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, "छबू, तुन्हा मालकले सांग, पुढला साले गाड्या कमी कर, नही तं आम्हले गाव सोडनं पडी."

घरात छबूबाईने भाकरी वाढता वाढता शेवटचा खिळा ठोकला. "लोकेसना नवरा दारू पेतस नि बोलतस. आम्हना चहा पेवाले दुसराले देस नि सोता बोलस."

धुडकू जेवला नाही. त्याला दोन गोष्टी खात होत्या. एक, चार आणे. आणि दुसरी, जास्त जिव्हारी लागलेली: त्याचं शास्त्र कोणीतरी उलटं वाचलं होतं. एकतीस गाड्या खऱ्याच गेल्या होत्या. पण त्यातल्या अठ्ठावीस खटारे होते आणि डमण्या फक्त तीन. आश्विनात दोन, तेव्हा कपाशी अजून हिरवीगार दिसत होती. पौषातली एक शहाद्याच्या वाण्याची, आणि वाण्याचं पीक काही पावसावर नसतं. बाकी खटारे कोणी घेतले? ज्यांचं शेत बुडालं त्यांनी. बैल बांधून ठेवले तर खाणार काय, म्हणून लोक सातपुड्यातून लाकूड आणि जिनातून कापसाच्या गठाणी भरून, प्रकाश्याला तापीचा उतार ओलांडून नंदुरबार स्टेशनात भाड्याने ओढत होते. मागच्या भरघोस साली गाड्या सतराच गेल्या होत्या, पण त्यातल्या अकरा डमण्या! गाड्या वाढल्या म्हणजे गाव पिकलं, असं नव्हतं. गाव पिकलं नाही म्हणून गाड्या वाढल्या होत्या.

हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बोलणार कसं? भाडं मारणं म्हणजे आपलं शेत हरलं, अशी कबुली. खुद्द लोटन पाटलांनी कार्तिकात खटारा नेला तो 'शेताचा कडबा आणाले'. त्यांचं ते शेत नंदुरबारच्या मालधक्क्यावर होतं, एवढंच.

फाल्गुनात साहेबाचा तंबू गावच्या आंबराईत पडला. साहेब मराठीच, पण मराठी बोलायचा छापील. कारकुनाने धुडकूची जबानी आधीच गोडगोड लिहून ठेवली होती, आता फक्त अंगठा हवा होता. तो सकाळीच पडवीत आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अंगठा उठव आणि मोकळा हो. सरकारी कामासाठी सहा खटारे करून घ्यायचेत. ते काम तुलाच देववतो."

सहा खटारे म्हणजे पावसाळाभर घर निवांत. धुडकूने डोकं खाजवलं. छबूबाई चुलीपाशी फुंकणी थांबवून ऐकत होती.

"भाऊसाहेब," धुडकू म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी अंगठा लई येस."

कारकून गेला आणि धुडकूने पहार घेऊन दाराच्या चौकटीची उभी बाजू उपटायला सुरुवात केली. पडवीच्या छपराचा अर्धा भाग खाली लोंबला.

"येडा व्हयनात का?" छबूबाई धावली. "दार तं राहू द्या!"

"दार परत करसू. सुतार शे मी."

खांद्यावर सहा हातांचं सागवान आणि मागे निम्मं गाव, अशी मिरवणूक आंबराईत पोचली. साहेब खुर्चीवर बसला होता. त्याने आधी चौकट पाहिली, मग माणूस पाहिला.

"हे काय आहे?"

"मन्ही जबानी," धुडकू म्हणाला. "हाऊ कागदवर लिखेल अर्धी शे. बाकी अर्धी आठे शे."

कारकून हसला. "साहेब, अडाणी माणूस आहे. खिळे दाखवतोय."

"हासा, हासा. तुम्हना एकतीस ह्याच खिया मोजी सांगेल शेतस. तवय खिया खरा व्हतात, आते खोटा व्हयनात?"

साहेबाची भुवई वर गेली. त्याने चौकट टेबलावर आडवी ठेवायला सांगितली आणि धुडकूने बोट फिरवत रांगा वाचून दाखवल्या. आश्विन, दोन पितळी. कार्तिक, नऊ लोखंडी. मार्गशीर्ष, आठ. पौष, सहा लोखंडी नि एक पितळी. माघ, पाच. मग वरच्या, मागच्या सालच्या रांगा, तिथे पितळच पितळ.

"हे तू कालच ठोकले नाहीस कशावरून?" साहेबाने विचारलं.

"मागला सालना खियाखाले गंजना ओघळ शेतस, देखा. त्यासनी पावसाळा देखेल शे. ह्या सालन्यासनी नही. गंज काही मन्ही मावशी नही, माले लगे बनाडी देवाले."

साहेबाने नखाने ओघळ खरवडून पाहिला. पण कारकून कच्चा नव्हता.

"खटारे जास्त, म्हणजे माल जास्त," तो म्हणाला. "ओझं असल्याशिवाय ओझ्याची गाडी कोण घेतो? उलट हे सुबत्तेचंच लक्षण, साहेब."

मुद्दा दिसायला बरोबर होता. धुडकूने आजूबाजूला पाहिलं. तंबूच्या मागे, आंब्याखाली, काल साहेबाचं सामान ज्या गाड्यांतून आलं त्या सोडलेल्या उभ्या होत्या. तो सरळ त्यांतल्या एकीपाशी गेला आणि चाकाची लोखंडी धाव त्याने तळहाताने पुसली.

"साहेब, आठे या. ही गाडी मन्ही. कार्तिकमा दिन्ही. तवय धाव बोटभर जाड व्हती. आते अर्धी शे. काळी मातीमा गाडी दोन साल चालो, धावले काही व्हस नही. हाई झिजनी तापीना गोटासवर नि स्टेशननी खडीवर. शेतमा चार महिनामा इतली धाव झिजाडानी व्हई तं त्या शेतना बांध काशीलगून पाह्यजे."

लोक हसले. साहेबही वाकला आणि त्याने स्वतः धावेवर बोट फिरवलं.

"मालक कोण हिचा?"

गाडी त्याने केलेली, दांडीवरचं नक्षीचं फूलही त्याचंच. मालक त्याच्या मागे दहा पावलांवर उभा होता.

"गाडी मन्ही करेल शे, ती मी सांगं," तो म्हणाला. "मालक कोन, ते मी सांगाव नही."

"बघा!" कारकून टाळी दिल्यासारखा बोलला. "एखाद्या धंदेवाईक गाडीवानाची असेल. गावाशी काय संबंध? साहेब, अंगठा घेऊ या?"

शाईची डबी उघडली. कारकुनाने धुडकूचं मनगट धरलं. धुडकूने मूठ आवळली, अंगठा आत. कारकून ओढतोय आणि हा सुतार, तीस वर्षं वाकस चालवलेला हात, तो कशाला हलतोय!

"सहा खटारे जातील हं तुझे," कारकून कानाशी पुटपुटला.

"जाऊ द्या," धुडकू मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सहा काय नि साठ काय. अर्धी गोठवर मन्हा अंगठा उठाव नही. कापी लई जावो."

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. लोटन पाटील पुढे आले. पागोटं त्यांनी दोन्ही हातांनी सारखं केलं, जणू आता ते पडणारच आहे.

"गाडी मन्ही शे, साहेब."

"तुम्ही? पाटील, तुम्ही भाडं मारता?"

"मारस." पाटलांचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला. "कार्तिकपाशी मारी ऱ्हायनू. औंदा कपाशी एक येचणीमा सरनी. सहा बैलं शेतस, त्यासले दावणीले बांधी काय आरती करू? गावले सांगं कडबा आणस. कडबा कोठे शे? तुम्हना तंबू बी मन्हीच गाडीमा उना. पिकेल पाटील फाल्गुनमा दुसरानं बिऱ्हाड वाहस का, तुम्हीच सांगा!"

मग काय, बांध फुटला. "मन्हा बी खटारा भाडानाच शे!" "मन्हा बी!" ज्यांनी चार महिने एकमेकांपासून तोंडं लपवली होती, ते आता आपलं शेत कसं बुडालं हे एकमेकांपेक्षा मोठ्याने सांगू लागले. एक म्हातारा तर उत्साहाच्या भरात शेजाऱ्याचंही सांगून मोकळा झाला.

साहेबाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कारकुनाकडून त्याने कागद घेतला आणि 'गाड्यांची वाढ हे रयतेच्या भरभराटीचे द्योतक' या ओळीवर स्वतःच्या लेखणीने आडवी रेघ मारली. खाली नवीन लिहवून घेतलं: एकूण एकतीस, पैकी ओझ्याच्या अठ्ठावीस, पीक बुडाल्याने भाड्यासाठी घेतलेल्या.

"आता देतोस अंगठा?"

"वाची दखाडा."

कारकुनाने दात आवळून वाचलं.

"आखो एक सावा. सावकाश."

पुन्हा वाचलं. मग धुडकूने अंगठा शाईत बुडवला आणि असा दाबला की कागदाला मागून फुगवटा आला.

"या गावापुरती वाढीची शिफारस मी करणार नाही," साहेब म्हणाला, आणि पुढे तसंच झालं. दर जुनाच राहिला. सहा खटाऱ्यांचं काम मात्र तळोद्याच्या एका सुताराला गेलं, आणि छबूबाईने ते पुढे कैक वर्षं जेवणाबरोबर वाढलं.

त्याच दुपारी तंबू उतरला. साहेबाचा मुक्काम पुढच्या गावी हलायचा होता. शिपाई नेहमीसारखा ओरडत आला, "चला रे, गाड्या जुंपा! साहेबांचं सामान भरा!"

लोटन पाटलांनी बैल जुंपले, दांडीवर बसले, कासरा हातात घेतला आणि गाडी जागची हलवली नाही.

"काय झालं पाटील?" शिपायाने विचारलं.

पाटील सगळ्या आंबराईला ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिले भाडं."