दारं मोजणारे मास्तर

कोणाच्याही घरी गेले की बस्त्याव मास्तर आधी दारं मोजायचे. पाणी नंतर, खुर्ची नंतर. उंबऱ्यात उभं राहून, मान न हलवता नुसते डोळे फिरवायचे आणि पुटपुटायचे, "दारं तीन, खिडक्या चार, मागच्या दाराला कडी आतून." नवीन माणसाला वाटे, हे घर विकत घ्यायला आलेत. ओळखीची माणसं हसायची आणि त्यांना पाणी द्यायची.

वसईच्या पाचूबंदरला आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगते. बंदरावर कोणाला अर्ज करायचा असला, बोटीचं काही लिहायचं असलं, की माणसं माझ्याकडं यायची. मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावरची नोटीसही माझ्याच हातची असायची. ती नोटीस वाचून मास्तर अक्षर शोधत आमच्या दारात आले होते.

त्यांनी नजर फिरवली आणि खरोखर उदास होऊन म्हणाले, "एकच दार. इथं खून झाला तर मला कादंबरी लिहिता येणार नाही. आला तो दिसणार, गेला तो दिसणार."

आई दारातच बोंबील साफ करत बसली होती. ती म्हणाली, "आमच्याकडं खून कशाला कोन करंल मास्तर? बसा. बोंबील घेऊन जा."

ज्यांनी मास्तरांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भुईगावचे. टेलिफोन खात्यात नोकरी केली. शाळेत एक दिवसही शिकवलं नाही. गावच्या सणाला नाटक बसवायचे म्हणून मास्तर. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत अडकवलेली, लिहिलेलं सगळं ठेवायच्या कपाटाची किल्ली. आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलायचे, घरात बायकोशी, कतरीनाबाईंशी, त्यांच्या वाडीतली बोली, जी मला अर्धीच कळायची. 'भुईगावकर' या नावानं त्यांनी तीसेक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. पातळ, भडक मुखपृष्ठाच्या, वाचनालयात पानं निसटेपर्यंत फिरणाऱ्या. त्यांना बक्षीस मिळालं नाही आणि कोणी समीक्षा केली नाही. पण वसईतल्या कुठल्याही वाचनालयात जा, त्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं सापडायचं: 'मला आधीच कळलं होतं.' मास्तर ते वाचून म्हणायचे, "हा खोटं बोलतो. ज्याला खरंच कळतं तो लिहीत बसत नाही."

नाटकासाठी त्यांना माझं अक्षर हवं होतं. गावच्या नाटकात प्रत्येक नटाला फक्त त्याची वाक्यं लिहून देतात, सोबत समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द. तिला नक्कल म्हणतात. झेरॉक्सला मास्तरांचा सक्त विरोध. म्हणायचे, "झेरॉक्सवाला वाचतो. त्याच्या दुकानात नाटक गेलं म्हणजे स्टेशनपर्यंत गेलं." त्यातही शेवटच्या प्रवेशाच्या नकला ते प्रयोगाच्या दिवशी सकाळी वाटायचे. तोवर खुनी कोण हे खुद्द खुन्याचं काम करणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. "त्याला आधी कळलं तर तो पहिल्या अंकापासून खुन्यासारखा चालायला लागतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तीन आठवडे खुनी दोघांनाच माहीत. मास्तरांना आणि मला.

याचा मला किती अभिमान होता, काय सांगू.

'विहिरीवरचा कंदील' हे माझं दुसरं नाटक. वाडीचा मालक विहिरीत मेलेला सापडतो. संशय सगळ्यांवर, आणि खुनी निघतो त्यांच्या घरचा देवमाणूस डॉक्टर. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटच्या नकला पुऱ्या करत होते. आई समोर जाळं सांधत होती. ती म्हणाली, "एवढं लिवतेस, त्यात हाय काय ते तरी सांग." मी पंधरा वर्षं शिकत होते. वहीत काय आहे हे त्या घरात मला कोणी पहिल्यांदा विचारलं होतं. मी सगळं नाटक वाचून दाखवलं. तिचे हात थांबले. दुसऱ्या अंकाला तिनं पदर तोंडाला लावला. शेवटी "मग कोन गं?" असं तिनं विचारलं तेव्हा गप्प राहणं मला जमलं नाही. जमवायचा प्रयत्नही मी केला नाही.

सकाळी आई पाटी घेऊन भुईगावच्या आळ्यांतून फिरली. प्रत्येक दारात मासळी तोलताना सांगत गेली की आजचं नाटक माझ्या पोरीनं लिवलंय आणि डॉक्टरच खुनी हाय. चुगली म्हणून नव्हे. कौतुक म्हणून.

दुपारी मी मैदानावर पोचले तेव्हा बायका मांडवाला तोरण बांधत होत्या आणि डॉक्टरचं काम करणाऱ्या रेमीला विचारत होत्या, का रे बाबा, इतका चांगला माणूस तू, असं का केलंस? रेमी रडवेला झाला होता. मास्तर खांबाला टेकून उभे होते. मी जवळ जाताच त्यांनी विचारलं, किती जणांना सांगितलंस? मी म्हटलं, एकीलाच, आईला. त्यांनी मान हलवली आणि मला शेजारच्या शाळेच्या वर्गात नेलं.

तिथं दोन ते सहा आम्ही बसलो. ते शेवटचा प्रवेश नव्यानं लिहून कागदामागून कागद माझ्याकडं सरकवत होते, मी नकला उतरवत होते. रागाचा एक शब्द नाही. फक्त नियम सांगितला: "नवीन काही घुसडायचं नाही. पहिल्या अंकात जे आहे त्यातूनच निघालं पाहिजे. प्रेक्षकाला फसवायचं नसतं, त्याचं त्याला फसू द्यायचं असतं." पहिल्या अंकात मालकाचा धाकटा भाऊ गावाहून येतो तो मागच्या दारानं. का, तर त्या नटाला ते दार जवळ पडायचं. आणि त्याच दाराशी एक मावरेवाली, म्हणजे मासळी विकणारी, चार वाक्यं बोलून पाटी उचलून निघून जाते. मास्तरांनी या दोघांना धरलं.

प्रयोगाला सगळं गाव डॉक्टरवर डोळा ठेवून बसलं होतं. तो बोलला की लोक एकमेकांना कोपर मारायचे. शेवटच्या प्रवेशात इन्स्पेक्टरनं डॉक्टरचा दंड धरला आणि मैदान समाधानानं हसलं. तेवढ्यात मागच्या दारानं मावरेवाली आली. तिनं धाकट्या भावाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, त्या दिवशी हाच विहिरीवरून आला, याचे पाय ओले होते. इन्स्पेक्टरनं विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? ती म्हणाली, "पाटी दारोदार नेते साहेब मी. गोष्ट नाय नेत."

 मैदानात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मी आईकडं पाहिलं. दुसऱ्या रांगेत ती मांडीवर हात ठेवून बसली होती. टाळी वाजवत नव्हती.

 घरी पोचल्यावर दारात चप्पल काढताना ती म्हणाली, "ती मावरेवाली मी ना?" मी हो म्हटलं. चार दिवसांनी ती स्वतः दोन पापलेटं घेऊन मास्तरांच्या ओट्यावर गेली, सोबत मला नेलं. माफी कशी मागतात हे तिला माहीत नव्हतं. पापलेटं पुढं केली आणि उभी राहिली. मास्तर म्हणाले, "पार्वतीबाय, सगळ्या गावाला आधी चुकीचा खुनी सांगून ठेवायचा, ही युक्ती तीस वर्षांत मला सुचली नव्हती." कतरीनाबाई हसल्या. आईही हसली. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी मला नकला करायला बोलावलं, चहा दिला, नेहमीसारखे किस्से सांगितले. शेवटचा प्रवेश मात्र दिला नाही. तो त्यांनी स्वतः लिहिला. तेव्हाच त्यांचा हात कापायला लागला होता. नटांना ते अक्षर लागेना आणि प्रयोगाच्या सकाळी सगळे माझ्याकडं वाचून घ्यायला आले. मला सांगता येईना की मलाही हे आत्ताच कळतंय. पदवीचं प्रमाणपत्र त्याच महिन्यात हातात आलं होतं. बंदरावर पेढे वाटले. पण ती किल्ली ज्या कपाटाची होती त्या कपाटासमोर मी पुन्हा अडाणी झाले होते.

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी शेवटचा प्रवेश माझ्यापुढं ठेवला. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आईनंही नाही. ती त्या काळात मी लिहायला बसले की जाळं उचलून बाहेर जायची.

मी शाळेत मराठी शिकवायला लागले, लग्न झालं, नाटकं हळूहळू बंद पडली. मास्तरांचा हात इतका कापायला लागला की सही येईना. मग रविवारी त्यांची चर्चमधली मिस्सा झाली की मी भुईगावला जायचे; ते ओट्यावर बसून सांगायचे, मी लिहायचे. त्यांची शेवटची कादंबरी अशी दोन वर्षं चालली. सांगताना मध्येच थांबायचे. "खुनी शोधू नकोस बाय, घाबरलेला माणूस शोध. खुनी आपोआप सापडतो." किंवा, "माणूस खोटं बोलतो तेव्हा फार तपशील देतो. खऱ्याला एक वाक्य पुरतं." हे मी वर्गात मुलांना आजही सांगते, निबंध शिकवताना.

एकच प्रकरण उरलं आणि त्यांची छाती भरली. दवाखान्यात मी गेले तेव्हा त्यांनी खोलीकडं बोट करून एक बोट वर केलं. दार एक. मग कतरीनाबाईंना चहाला पाठवलं आणि मला जवळ बोलावून, दम खात, शेवट सांगितला. कोण, का, आणि तिसऱ्या प्रकरणातली कुठली ओळ त्याची खूण आहे ते.

"आता हे दोन डोक्यांत आहे," ते म्हणाले. "थोड्या दिवसांनी एकात राहील. तू लिही."

मला जमणार नाही, असं मी म्हटलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. म्हणाले, "लिहून झालं की आधी आईला वाचून दाखव. तिला कळलं तर सगळ्यांना कळेल."

"मास्तर, ती सांगत सुटली तर?"

त्यांनी डोळे मिटले. "नाही सांगणार."

चौथ्या दिवशी भुईगावच्या चर्चची घंटा वाजली. दफनाला माणसं मावली नाहीत. रेमी, आता टक्कल पडलेला, शवपेटीला खांदा द्यायला पुढं होता. फादरांनी चांगलं प्रवचन केलं. बाहेर पडताना मात्र चार जणांनी मला हळूच गाठून विचारलं, अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकात खुनी कोण? मला राग आला नाही. मास्तरांना हेच आवडलं असतं.

शेवटचं प्रकरण लिहायला मला सव्वा महिना लागला. नवीन काही घुसडलं नाही. पुस्तकावर माझं नाव नको असं मी प्रकाशकांना कळवलं, आणि पाठवण्याआधी पाचूबंदरला गेले. आई आता थकली आहे. पाटी घेऊन फिरत नाही, भुईगावच्या नाक्यावर बसून विकते. डोळ्यानं कमी दिसतं. पाच दुपारी मी तिला सगळी कादंबरी वाचून दाखवली. शेवटच्या प्रकरणाआधी ती म्हणाली, "थांब. मला नको सांगूस. माझं तोंड मला माहीत हाय."

मी म्हटलं, मास्तरांनी सांगितलंय. आधी तुलाच वाचायचं.

 ती उठली, आमच्या घराचं एकुलतं एक दार लावून घेतलं, आणि खाली बसली. "वाच."

पुस्तक निघायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी दर शनिवारी भुईगावच्या नाक्यावरून गेले. भाजी घ्यायची म्हणून जात होते, असं मी घरी सांगत असे. बायका आईला विचारताना मी कानांनी ऐकलं आहे. तुझ्या पोरीनं लिवलंय, तुला माहीत असणार, सांग ना पार्वती. कधी लाडीगोडी, कधी टोमणा: अगं, ही एवढी बोलकी, हिला कोण सांगतंय. हा टोमणा तिला लागायचा. तिचा चेहरा मी ओळखते.

ती मासळीवर पाणी शिंपडायची आणि खाली बघूनच म्हणायची, "पुस्तक आलं का त्यातल्या घराची दारं मोज. मग तुझं तुला कळंल."