हितला नाय

घाटघरला सिनेमाचं शूटिंग होतं, तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्या युरोपियन नटाला मी रोज जुन्नरहून जीपनं न्यायचो. त्याच्या आईचा देश नि भाषा एक, बापाचा देश नि भाषा दुसरी. दोन्ही देशांच्या सिनेमांत त्याची हयात गेली. इथं त्याला मराठीत एकच वाक्य होतं, ‘मी इथला नाही.’ ते माझ्याकडून शिकल्यामुळं तो म्हणायचा, “मी हितला नाय.”

शूटिंगवरची चहावाली ते ऐकून हसली. “हितला नाय म्हनतो, आन बोलतो तर आमच्यावानी!”

तिच्या बोलण्याचा अर्थ मी त्याला सांगितला. दोन्ही हातांत धरलेला कप त्यानं खाली ठेवला. इंग्रजीत म्हणाला, “माझ्या दोन्ही देशांत माझ्या तोंडून लोकांना दुसराच देश ऐकू येतो.”

पिक्चर लागला तोवर तो वारला होता. पडद्यावर ओठ त्याचेच हलले. आवाज पुण्यातल्या कुणाचा तरी होता, अगदी शुद्ध: “मी इथला नाही.”